पिंपावर वाकलेला माणूस

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खोटं कशाला बोलू, वाचून हसतो. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतली पावलं… आमचं घर सोलापुरातलं, लिंगायतांचं. पूजा केल्याशिवाय कुणी चहाला तोंड लावायचं नाही. मी मात्र चहा पिऊन पूजेला बसणारा. पुढं नोकरी लागली ती जमीन मोजायची. लेव्हल, टेप, साखळी. जे मोजता येतं ते आहे आणि जे मोजता येत नाही त्याच्या भानगडीत पडायचं नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. आजही तेच आहे.

म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. बायकोला अर्धंच ठाऊक आहे. आम्ही चौघे होतो, आता मी एकटा उरलोय.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी चोवीस वर्षांचा, ओव्हरसियर म्हणून नुकताच लागलेलो. त्या काळी ओव्हरसियरला खेड्यात ‘रावसाहेब’ म्हणायचे. मिशी नीट फुटली नव्हती, पण रावसाहेब! ऑफिस कुठलं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. सांगोल्याच्या दक्षिणेला बारा-तेरा मैलांवर एका ओढ्यावर पाझर तलाव घ्यायचा होता, त्याचा सर्व्हे आमच्याकडे. पाऊस दोन वर्षं झालेला नव्हता. माळ म्हणजे नुसता दगड, तरवडाची झुडपं आणि मधूनच एखादी बाभूळ. सर्वांत जवळची वस्ती तीन मैल लांब. म्हणून तिथंच तंबू ठोकून राहायचं ठरलं.

माझ्याबरोबर तिघे. इरप्पा हा मुख्य खलाशी, म्हणजे साखळी धरणारा, पट्टी धरणारा. वळसंगचा, पन्नाशीचा, घरात कानडी बोलणारा. दुसरा खलाशी नामदेव, सांगोल्याकडचाच, तिशीतला, अंगानं रेड्यासारखा. आणि स्वयंपाकाला हुसेनचाचा, सोलापूर शहरातले. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायचे, दुष्काळात लग्नं आटली म्हणून आमच्याकडे आले.

कॅम्प कसा लावायचा हे मला इरप्पानं शिकवलं. माझी डिप्लोमाची पुस्तकं तिथं कामाला आली नाहीत. तंबूच्या आतली जमीन त्यानं वीतभर खाली खणून घेतली… वरची माती तापते, खालची तापत नाही. तंबूवर तरवडाच्या फांद्या रचल्या. कनात खालून चार बोटं वर उचलून ठेवली, म्हणजे वारा जमिनीलगत आत यायचा. काम पहाटे साडेपाच ते दहा, मग थेट पाच वाजल्यानंतर. मधल्या वेळेत तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही.

पाण्याचा कारभार तर पूर्ण त्याच्याच हातात. ऑफिसची जीप दर चौथ्या दिवशी यायची आणि ट्रेलरमधून एक पिंप पाणी टाकून जायची. दोनशे लिटर, चार माणसं, चार दिवस. पिण्याचं, भाताचं, आंघोळीचं, सगळं त्यात. इरप्पानं एका बाभळीच्या बुडाशी खड्डा खणून आमचं पिंप अर्धं जमिनीत पुरलं, भोवती वाळू भरली आणि तोंडावर ओलं गोणपाट टाकलं. आंघोळ म्हणजे एक तांब्या पाणी आणि पंचा. त्या पंच्याचं पिळलेलं पाणीही वाया जायचं नाही, ते पिंपाभोवतीच्या वाळूत ओतायचं. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची. आणि प्यायचं ते घड्याळ बघून.

“तान लागायच्या आधी प्यायचं, रावसाहेब,” तो म्हणायचा. “तान लागल्यावर प्यालं की तांब्यानं भागत न्हाय, घागर लागती.”

एकशे दहा-बारा डिग्री फॅरनहाइटमध्ये, त्या उजाड माळावर आम्ही खरंच सुखात होतो. संध्याकाळी हुलग्याचं माडगं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि पिंपातलं गार पाणी. पहिले पंधरा दिवस असे गेले.

मग पाणी कमी व्हायला लागलं.

इरप्पा रोज संध्याकाळी पिंपात काठी बुडवून पाणी मोजायचा. एका मंगळवारी तो काठीकडे बघतच राहिला. म्हणाला, चार बोटं कमी हाय. बुधवारी पुन्हा चार बोटं. गुरुवारी पाच. आम्ही वापरलेलं पाणी तांब्यांनी मोजलेलं असायचं, त्यात चूक नव्हती. म्हणजे कुणीतरी पीत होतं. आणि ते दुपारीच शक्य होतं, कारण तेव्हाच आम्ही चौघेही तंबूत मेल्यासारखे पडलेले असायचो.

शुक्रवारी जीप यायला हवी होती. आली नाही. शनिवारीही नाही.

मला आता कळतं की माणूस कसा बदलतो ते त्या दोन दिवसांत मी पाहिलं. नामदेव आणि चाचा एका ताटात खाणारे. शुक्रवारी संध्याकाळी काठी मोजून झाल्यावर नामदेव सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, “चुलीपाशी बसनाऱ्याला तान जास्त लागती.”

चाचा कांदा चिरत होते. तसेच उठले. हातात सुरी.

“मेरे कू चोर बोल्या?”

“नाव घेतलं का मी?”

“मेरे घर में चार बच्चे हैं, उनकी कसम खाके बोलता, एक बूंद नै पिया मैं.”

नामदेव हसला. ते हसणं चुकलं. चाचांनी सुरी फिरवली, नामदेवच्या दंडावर लांब रेघ उमटली आणि त्यातून रक्त यायला लागलं. नामदेवनं चाचांचा गळा धरून त्यांना तंबूच्या खांबावर आपटलं, एकदा नव्हे, तीनदा. तंबू अर्धा खाली आला. इरप्पानं आणि मी मध्ये पडून दोघांना सोडवलं, तेव्हा माझ्या ओठाला नामदेवचं कोपर लागून दात हलला. त्यानंतर कॅम्पात कुणी कुणाशी बोललं नाही. आणि खरं सांगतो, मी पण दोघांकडे चोर म्हणूनच बघत होतो. कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे.

रविवारी पहाटे पिंपात वीतभर पाणी उरलं होतं. इरप्पा म्हणाला, “मी वस्तीवर जाऊन येतो. दोन घागरी तरी मिळतील. दहा वाजंपतूर येतो की.” कावडीला दोन घागरी बांधून तो ओढ्याच्या पात्रातून निघाला. मी जाऊ शकत नव्हतो, लेव्हलचं यंत्र माझ्या सहीवर होतं. आणि त्या दोघांना एकटं सोडायची मला भीती वाटत होती.

दहा वाजले, अकरा वाजले, इरप्पा आला नाही.

दुपारी आम्ही तिघे तंबूत तीन कोपऱ्यांत पडलो. झोप कुणालाच नव्हती. त्या वेळी माळावर आवाज म्हणून नसतो, पाखरूसुद्धा बोलत नाही. त्या शांततेत मला पाणी पिण्याचा आवाज आला.

गट… गट… गट. जनावर पितं तसा, न थांबता. रिकाम्या पिंपात घुमून येणारा.

मी मान वळवली. नामदेव आधीच उठून बसला होता. चाचाही. तिघांनीही तो आवाज ऐकला, हे मी मुद्दाम लिहितोय. आणि पुढचं जे आहे ते तिघांनीही पाहिलं.

कनातीच्या फटीतून पिंप दिसत होतं, वीसेक पावलांवर. पिंपापाशी एक माणूस गुडघ्यांवर बसून कमरेपर्यंत आत वाकला होता. पाणी तळाला गेलेलं, म्हणून डोकं आणि खांदे पार आत. अंगात सदरा आणि धोतर, धुळीनं एका रंगाचं झालेलं, त्या भागात शंभरातल्या नव्वद माणसांच्या अंगावर असायचं तसंच. पिंपावरचं गोणपाट त्याच्या मानेवर, पाठीवर पडलेलं. डावा हात पिंपाच्या काठावर घट्ट धरलेला.

तंबूत तिघेही होतो. म्हणजे आमच्यातला कुणी चोर नव्हता… हे कळल्यावर आम्हाला बरं वाटायला हवं होतं. उलट दोन दिवसांचा सगळा राग एका जागी गोळा झाला. नामदेवनं तंबूच्या खुंट्या ठोकायची मोगरी उचलली. चाचांनी विझलेल्या चुलीतून अर्धं जळलेलं लाकूड ओढलं. मी दारापाशी उभी असलेली रेंजिंग रॉड घेतली. रेंजिंग रॉड म्हणजे सर्व्हेची काठी, माणसाहून उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, टोकाला लोखंड. कोण रे तू, असं विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

पहिला घाव माझा. काठावर धरलेल्या त्या हातावर मी रॉडचं लोखंडी टोक पूर्ण ताकदीनं मारलं. बोटं मोडल्याचं मला हाताला जाणवलं, कानालाही. हात सुटला, पण माणूस वर आला नाही. पितच राहिला. नामदेवनं पाठीत मोगरी घातली. दोनदा. मग कमरेला धरून त्याला बाहेर ओढलं आणि तो कुशीवर पडला, डोक्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं तसंच. चाचा खांद्यावर लाकूड मारत होते आणि रडत होते, “मेरे कू चोर बोले… तेरे वास्ते मेरे कू चोर बोले…” मी पायांवर रॉड मारत होतो. किती मारले ते मोजले नाहीत. नामदेवनं मोगरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून गोणपाटातल्या त्या डोक्यावर, उजव्या कानाच्या वर हाणली. नारळ फुटतो तसा आवाज झाला. मी तो आवाज आजही वर्णन करू शकतो, पण करत नाही.

सबंध वेळात तो माणूस एकदाही ओरडला नाही. कण्हला नाही. अंगातून हूं की चूं नाही.

मग तो हलायचा थांबला आणि आम्हीही थांबलो. तिघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. चाचा म्हणाले, “मर गया क्या?” मी वाकलो आणि तोंड बघायला म्हणून गोणपाट ओढलं.

गोणपाट हातात आलं. खाली जमीन होती.

मला माहिती आहे हे वाचताना कसं वाटतं. मी तुमच्या जागी असतो तर पान उलटलं असतं. पण तिथं माणूस नव्हता. धोतर नव्हतं, सदरा नव्हता, रक्ताचा थेंब नव्हता. धुळीत आमच्याच तीन जोड चपलांचे ठसे. मी पिंपात पाहिलं. वीतभर पाणी होतं तेवढंच होतं, स्थिर, त्यात माझं तोंड दिसत होतं. घड्याळ पाहिलं, सवयीनं. एकला दहा कमी.

नामदेव खाली बसला आणि हातातल्या मोगरीकडे बघत राहिला. “लागलंय रावसाहेब,” तो हळू म्हणाला. “हाड लागलं हाताला. मला म्हायतीय हाड कसं लागतं.”

मी साहेब होतो, म्हणून मीच बोललो. ऊन लागलंय, तिघांनाही, असं म्हणालो. मीठ घालून एकेक तांब्या पाणी पाजलं, डोक्यावर ओला पंचा ठेवायला लावला. सावलीत बसवलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. दोन वाजले. अडीच वाजले. इरप्पा येत नव्हता. तेव्हा चाचा म्हणाले, “इरप्पा कू देखो जाके.” त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, ते ऐकून मी चपला पायात सरकवल्या.

आम्ही तिघेही निघालो. यंत्र तंबूत तसंच टाकून. ओढ्याच्या पात्रातली वाळू चपलेतून भाजत होती. दीडेक मैल गेल्यावर पात्र वळतं, तिथं काठावर एक बाभूळ आहे. तिच्याखाली एक धनगरीण बसलेली दिसली, समोर दहा-बारा मेंढरं. तिच्या मांडीवर इरप्पाचं डोकं होतं. तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून ते बांधलं होतं आणि पदर लाल झाला होता. शेजारी कावड. दोन्ही घागरी उभ्या, एक काठोकाठ भरलेली, दुसरी ओंजळभर उणी.

बाईनं आम्हाला पाहून हात केला. “या की लवकर. मानूस तुमचाच हाय न्हवं?”

इरप्पानं डोळे उघडले. आम्हाला पाहिलं. माझ्या हातात ती लाल-पांढरी रॉड होती, चालताना आधाराला घेतलेली. ती त्याला दिसली, आणि तो माणूस, ज्याला उठताही येत नव्हतं, कोपरांवर सरपटत मागे जायला लागला.

“होडीब्याडरी,” तो म्हणत होता. “होडीब्याडरी, रावसाहेब…”

मला कानडी येतं. मारू नका हो, असा त्याचा अर्थ.

मी रॉड टाकली. नामदेवनं मोगरी टाकली. ती त्यानंही हातात आणली होती, त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. मी इरप्पाजवळ गेलो नाही, लांबूनच बसलो. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं उलटी वळली होती. उजव्या कानाच्या वर खोक. सदऱ्यावर, खांद्याशी, काळे पट्टे. मी नीट बघितलं. कोळसा होता. जळक्या लाकडाचा कोळसा.

“पानी आनलंय की,” इरप्पा मला म्हणाला. आता मराठीत. “रांगेत उभा ऱ्हाऊन दोन घागरी आनल्या. सावलीला बसून वंजळभर प्यालो. वंजळभरच. त्याला एवढं मारायचं व्हय?”

धनगरीण म्हणाली, “कवापास्नं हेच म्हनतोय. तिघांनी मारलं म्हनतोय. मी पलीकडच्या दरडीवर हुते, मेंढरं घिऊन. समदं बघितलं.”

“कोण होतं?” मी विचारलं.

“कोन न्हाय. एकटाच हुता.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “पानी पीत बसला हुता, आन एकदम हात झटकला. मग पालथा पडला. मग असा लोळाय लागला, जनू कुनी वढतंय. मला वाटलं फीट आली. पर फीट आलेला मानूस हात जोडत न्हाय, बाबा. हा हात जोडत हुता. आन वरडत हुता. एवढ्या लांबनं मला आयकू येत हुतं.”

“किती वाजता? म्हणजे ऊन कुठं होतं?”

“डोक्यावरनं जरा कललं हुतं.”

इरप्पा डोळे मिटून म्हणाला, “लई वरडलो. तुमी आयकतच न्हवता.”

त्याला धनगरणीच्या घोंगडीत घालून आम्ही कॅम्पवर आणलं. नामदेवनं एकट्यानं पुढची दोन टोकं खांद्यावर घेतली, दंडाची जखम उकलून रक्त वाहत असताना. घागरी चाचांनी आणल्या. धनगरीण बाई कॅम्पपर्यंत चालत आली, तिला त्यातली एक घागर द्यायची म्हटलं तर घेतली नाही. “त्याच्या मारातलं पानी मला नगं,” म्हणाली.

दिवस मावळायच्या आत जीप आली. कुठंतरी स्प्रिंगचा पाटा तुटून अडकली होती. इरप्पाला आधी सांगोल्याला आणि तिथून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, वड्यात दगडावर पडलो. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी होकारार्थी मान हलवली.

दोन दिवसांनी कॅम्प उठवायला आम्ही तिघे परत गेलो. पिंप उपसून वर काढलं. तळाच्या जोडाला गंज लागून एक छिद्र पडलं होतं, सुईच्या नाकाएवढं. खालची वाळू हातभर खोल भिजलेली, तिच्यात मुंग्यांनी घर केलेलं. वरून आम्ही रोज पंच्याचं पाणी ओतायचो म्हणून बाजूचा ओलावा कुणाला वेगळा दिसला नव्हता.

म्हणजे चोर नव्हताच. कधीच नव्हता. नामदेव तिथंच खड्ड्याच्या कडेला बसला आणि त्याला उलटी झाली.

मी आमच्या इंजिनियर साहेबांना सगळं सांगितलं. निलंबन झालं तरी चालेल म्हणून. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “उन्हानं तुमचं डोकं फिरलं. तुम्ही तिघे तिथवर गेलात, त्याला मारलंत, परत आलात, आणि आता आठवत नाही.” हे लॉजिक मी स्वतःवर कितीदा तरी चालवून पाहिलंय. पण त्या बाईनं आम्हाला मारताना पाहिलं नाही, तीननंतर येताना पाहिलं. तिघांनाही तीच गोष्ट, त्याच क्रमानं आठवत होती. आणि समजा इरप्पालाच ऊन लागलं, तो तीनदा दगडावर पडला… तर मग कोळसा कुठून आला? त्या ओढ्यात चूल नव्हती. साहेबांनी शेवटी फाइल बंद केली आणि मला म्हणाले, हे कागदावर आणू नका.

नामदेवनं त्यानंतर नोकरी सोडली. चाचांनी मरेपर्यंत दर वर्षी उन्हाळ्यात आपल्या दारात पाण्याचा रांजण भरून ठेवला. कुणी पितंय का हे मात्र ते बघायचे नाहीत, दार लावून आत बसायचे. त्यांच्या मुलानंच हे मला सांगितलं.

इरप्पाला भेटायला मी पावसाळ्यानंतर वळसंगला गेलो. डोक्याची खोक भरली होती. बोटं सरळ झाली नव्हती, साखळी धरणं आता जमणार नव्हतं. त्यानं ओसरीवर घोंगडं अंथरलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी विचारलं, डॉक्टरांना खरं का सांगितलं नाही?

“खरं कुठलं, रावसाहेब? तुमी मारलं म्हनलो असतो तर बाई म्हनली असती, कुनी न्हवतं. बाईचं धरलं तर मी येडा. माजं धरलं तर तुमी जेलात.”

“राग आला नाही?”

त्यानं घोंगड्याची दुमडलेली कड सरळ केली. “राग यायला मारनारा तितं असाय लागतो की,” म्हणाला.

मी माफी मागितली. कशाची मागतोय ते नीट न कळताच मागितली. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या. आम्ही त्या वर्षीच्या ज्वारीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, त्याच्या थोरल्या मुलीला होटगीला दिली होती तिच्याबद्दल बोललो. तो हसलासुद्धा एकदा.

याचा उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी पोस्टकार्डाची वाट बघेन… पण होईल असं वाटत नाही. त्या दुपारी पिंपावर वाकलेला कोण होता, हा प्रश्न मी हल्ली विचारतही नाही. निघतानाचं एवढंच मनातून जात नाही. मला तहान लागली होती, इरप्पानं घरातून तांब्याभर पाणी आणलं आणि उजव्या हातानं माझ्यापुढे धरलं. तो हसत होता. मी तांब्या घ्यायला हात वर केला, आणि त्याचा तो मोडक्या बोटांचा डावा हात, त्याला न विचारता, त्याच्याच डोक्यावर आडवा गेला.